शिशाच्या पडद्याला नवा धनी

घर आवरणे हे काम वरवर पाहता गृहिणींच्या अधिकारातले. पण एखादे जुने बिऱ्हाड कायमचे आवरायची वेळ आली म्हणजे त्या कामापुढे भल्याभल्यांची विद्या अपुरी पडते, असा अनुभव मला गेल्या दिवाळीनंतर आला. तो अनुभव थोडा हास्यास्पद आहे, थोडा भयप्रद आहे आणि त्यात माझी स्वतःची फजितीही आहे. तरी तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. कारण इंदूर असो, ग्वाल्हेर असो, बडोदे असो की हैदराबाद असो, आपल्या जुन्या मराठी वस्त्यांतून अशी कुलूपबंद दवाखान्यांची घरे अजून बरीच असतील, आणि त्यांच्या किल्ल्या आज ना उद्या कुणाच्या तरी हाती यावयाच्याच आहेत.

आमच्या गल्लीतले डॉक्टरकाका जाऊन आता दीड वर्ष झाले. जवळजवळ चाळीस वर्षे त्यांचा क्ष-किरणांचा दवाखाना होता. झाडावरून पडलेला मुलगा, न्हाणीघरात घसरलेली आजी, सायकलवरून कोसळलेला दूधवाला, सगळ्यांची वाट त्या ओसरीवरूनच जात असे. पुढे शहरात मोठी रुग्णालये झाली, संगणकावर चित्र दाखविणारी नवी यंत्रे आली, आणि काकांच्या खोलीला कुलूप लागले ते लागलेच. मुलगा हैदराबादेस, मुलगी बडोद्यास. काकूंनी आता मुलीकडे जायचे ठरविले आणि घर विकायला काढले. एक दिवस त्यांचा निरोप आला, म्हणून शाळा सुटल्यावर गेलो.

काकू म्हणाल्या, "कबाडी येऊन गेला. सगळं वजनावर न्यायला तयार आहे. शिशाला वेगळा भाव देतो म्हणतो. पण तू शिकलासवरलेला माणूस, एकदा डोळ्यांखालून घाल. ह्यांची चीज कुणाच्या जिवावर उठायला नको."

मी साहित्याचा विद्यार्थी. क्ष-किरणांविषयीचे माझे ज्ञान हात मोडला तेव्हा मिळाले तेवढेच. पण 'शिकलासवरलेला' या शब्दाला भुलून मी खोलीत शिरलो. आत एक अजस्र यंत्र धूळ खात उभे होते. शिशाचा पत्रा मारलेले दार, चाकांवर सरकणारा शिशाचा पडदा, त्यात बसविलेली पिवळसर झाक असलेली जाड काच, खुंटीवर टांगलेले पाच जड ॲप्रन, क्ष-किरणांच्या फिल्म लावून पाहावयाची दिव्याची पेटी, आणि कपाटाच्या तळाशी एक लहानसे शिशाचे भांडे. तांब्याएवढे असेल, पण उचलायला गेलो तर मनगट लचकायची वेळ आली. त्याला घट्ट झाकण होते. वर ना चिठ्ठी, ना खूण. मी ते टेबलावर ठेवले आणि स्वाभाविक कुतूहलाने झाकण फिरवू लागलो.

"अरे, राहू दे, राहू दे!" काकू दारातून ओरडल्या. "त्याला हे कुणाला हात लावू देत नसत. मामंजींच्या वेळचं आहे ते."

काकूंचे सासरेही डॉक्टर होते. त्या काळी काही डॉक्टर स्त्रियांच्या विशिष्ट कर्करोगावर रेडियमच्या सुया वापरीत आणि त्या अशाच शिशाच्या भांड्यांत ठेवीत, ही माहिती मला नंतर मिळाली. त्या क्षणी मी केवळ काकूंच्या आवाजाने थबकलो. माझ्या पदवीने नव्हे, तर एका ऐंशीच्या घरातल्या बाईच्या स्मरणशक्तीने माझा हात थांबविला, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

आमच्या शाळेत पूर्वी पदार्थविज्ञान शिकविणारे एक सहकारी निवृत्त होऊन जवळच राहतात. त्यांना दूरध्वनी केला. ते आले ते आधी माझ्यावर रागावले. "मास्तर, तुम्ही मुलांना 'न वाचता सही करू नये' म्हणून सांगता, आणि न ओळखता झाकण उघडता?" त्यांनी आम्हा सर्वांना खोलीबाहेर काढले, दाराला कुलूप घातले आणि शहरातल्या एका कर्करोग रुग्णालयातील किरणसुरक्षा अधिकाऱ्यांना विनंती केली. त्यांना यायला आठ दिवस लागणार होते.

ते आठ दिवस मी विसरणार नाही. आमच्या सौभाग्यवतींनी मला पहिल्या दिवशी पाच वेळा हात धुवावयास लावले. गल्लीत बातमी पसरली. डॉक्टरांच्या घरात अणुबाँबचे सामान सापडले, इथपर्यंत तिची मजल गेली. दूधवाला त्या दारासमोरून जाईनासा झाला. कबाडी मात्र निर्धास्त होता. "साहेब, भांडं फोडून पाहू, पोरगा घणानं दोन घाव घालील," असे तो म्हणाला. त्याचा तो पोरगा तेरा-चौदा वर्षांचा असेल. गंमत अशी, की हाच पोरगा खुंटीवरच्या ॲप्रनना हात लावायला तयार नव्हता. त्यांत 'किरणं मुरलेली' आहेत, असे त्याला कुणीतरी सांगितले होते.

आमचे मित्र म्हणाले, "पाहा, हीच सगळ्या अनर्थाची गोम आहे. जे निरुपद्रवी त्याची भीती, आणि जिथे खरी भीती तिथे घण!" आणि मग ओसरीवर बसून त्यांनी मला जे समजावून सांगितले, ते मला समजले तेवढे इथे देतो.

रंटगेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला. पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली त्यालाच मिळाले. क्ष-किरणांचे यंत्र हे विजेच्या दिव्यासारखे असते. बटण दाबले की किरण निघतात, वीज तोडली की संपले. बंद यंत्रात किरण साठून राहत नाहीत. तसेच ज्या ॲप्रनने वर्षानुवर्षे हे किरण अडविले, तो ॲप्रनही किरणोत्सर्गी होत नाही. छत्रीवर पाऊस पडला म्हणून छत्रीचा ढग होत नाही. पण कोबाल्ट, सीझियम, रेडियम यांची गोष्ट निराळी. ते राखेखालच्या निखाऱ्यासारखे असतात, आणि हा निखारा कुठल्याही पाण्याने विझत नाही. कोबाल्ट-६० चे तेज निम्म्यावर यायला सव्वापाच वर्षे लागतात, रेडियमचे यायला सोळाशे वर्षे. मालक मेला, चिठ्ठी फाटली, कपाटाला गंज चढला, तरी त्याचे काम चालूच. म्हणून जुन्या सामानात पहिला प्रश्न 'याची किंमत किती' हा नसून 'हे नुसते कवच आहे, की कवचाच्या पोटात काही आहे' हा असतो.

कवचासाठी शिसेच का, हेही सांगितले पाहिजे. शिसे पाण्याच्या सव्वाअकरा पटींहून जड. त्याच्या अणूच्या केंद्रात ८२ प्रोटॉन आणि भोवती तितकेच इलेक्ट्रॉन. त्या दाटीत क्ष-किरण अडकून पडतात. नऊ इंची विटांची पक्की भिंत जे काम करते, ते सुमारे दोन मिलिमीटर शिशाचा पत्रा करतो. ॲप्रनमध्ये शिशाची भुकटी रबरात किंवा तत्सम पदार्थात मिसळलेली असते, आणि त्याची शक्ती पाव किंवा अर्धा मिलिमीटर शिशाइतकी धरतात. दवाखान्यातले विखुरलेले क्ष-किरण अडवायला ती पुष्कळ होते. पण तोच अर्धा मिलिमीटरचा ॲप्रन कोबाल्टच्या गॅमा किरणांपुढे धरला, तर शंभरातले जेमतेम तीन-चार किरण अडतील. कोबाल्टचे किरण निम्मे करायलाच सुमारे बारा मिलिमीटर शिसे लागते. तात्पर्य, कवच हे कशासाठी घडविले होते ते सांगितल्यावाचून दुसऱ्याच्या अंगावर घालणे, म्हणजे बाणांसाठी केलेली ढाल तोफेपुढे धरायला देणे होय.

मी विचारले, "पण असे जुने सामान नव्या हाती देण्याची पद्धत जगात आहे का?" ते म्हणाले, "पद्धत आहे, आणि ती मोडल्यावर काय होते याचा इतिहासही आहे."

त्यांनी प्रथम मेक्सिकोची गोष्ट सांगितली. १९७७ साली तेथील एका खासगी रुग्णालयाने अमेरिकेतून कर्करोगावरील एक जुने कोबाल्ट-यंत्र विकत घेतले. हेतू चांगला होता. पण ते चालविणारा तज्ज्ञ नव्हता, परवानगीची कागदपत्रे नव्हती, आणि यंत्र कोठारात पडून राहिले. १९८३ च्या डिसेंबरात ते भंगारात गेले. त्यातली कुपी फुटून कोबाल्टचे बारीक बारीक हजारो दाणे सांडले. इतर भंगाराबरोबर ते भट्टीत गेले आणि त्यातून इमारतींच्या सळ्या आणि टेबलांचे पाय तयार झाले. १९८४ च्या जानेवारीत अशा सळ्यांचा एक ट्रक वाट चुकून अमेरिकेतील लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेच्या वेशीवर आला आणि तिथल्या किरणमापकाने आरोळी ठोकली, म्हणून हा प्रकार उघडकीस आला. त्या सळ्यांमुळे मेक्सिकोत शेकडो इमारती पाडाव्या लागल्या.

दुसरी गोष्ट ब्राझीलमधील गोयानिया शहराची. १९८७ साली एका दवाखान्याच्या सोडून दिलेल्या वास्तूत सीझियमचे यंत्र मागे राहिले होते. भंगार वेचणाऱ्यांनी ते फोडले. आत अंधारात निळसर चमकणारी भुकटी होती. लोकांनी ती कौतुकाने घरी नेली, अंगाला लावली. चार माणसे दगावली. त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. दोनशे एकोणपन्नास माणसांच्या अंगावर वा शरीरात तो पदार्थ आढळला, आणि एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली.

तिसरी गोष्ट आपल्याच देशातली आहे, आणि ती ऐकताना एक शिक्षक म्हणून माझी मान खाली गेली. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेले एक गॅमा किरणांचे संशोधन-यंत्र कित्येक वर्षे वापरावाचून पडले होते. २०१० च्या फेब्रुवारीत ते अडगळ म्हणून लिलावात गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते शिशासाठी फोडले. एप्रिलमध्ये माणसे आजारी पडू लागली तेव्हा आत कोबाल्ट असल्याचे उघड झाले. एक कामगार मृत्यू पावला. त्या विभागात विद्वानांची वाण नव्हती; वाण होती ती त्या यंत्राची आठवण ठेवणाऱ्या माणसाची. ज्यांनी ते आणले ते निवृत्त झाले, आणि त्यांच्यामागून आलेल्यांना ती केवळ एक जागा अडविणारी लोखंडी पेटी दिसली. आमच्या प्रकरणात निदान काकू होत्या.

या गोष्टी ऐकून मी म्हटले, "मग सगळे पुरून टाकावे हेच बरे." यावर आमचे मित्र हसले. "पुरलेले शिसे जमिनीत आणि पाण्यात उतरते. मुलांच्या रक्तात शिसे किती गेले तर चालेल, याला जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सुरक्षित अशी मर्यादाच नाही. पुरणे म्हणजे आपली अडचण नातवंडांच्या नावे करणे. आणि चांगल्या उदाहरणांचे काय?"

मग त्यांनी सांगितलेली गोष्ट एखाद्या आख्यायिकेसारखी आहे. पण ती खरी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एक रोमन जहाज शिशाच्या लगडी घेऊन जाताना इटलीच्या सार्डिनिया बेटाजवळ बुडाले. आता गंमत अशी, की नवे शिसे पूर्णपणे 'शांत' नसते. खाणीतून काढलेल्या शिशात त्याचाच एक किरणोत्सर्गी भाऊ अल्प प्रमाणात असतो. तो दर बावीस वर्षांनी निम्मा होत जातो. दोन हजार वर्षे समुद्राच्या तळाशी पडलेल्या शिशात तो जवळजवळ उरलेलाच नव्हता. इटलीतील ग्रान सासो पर्वताच्या पोटात, सुमारे चौदाशे मीटर खडकाखाली, शास्त्रज्ञ अतिसूक्ष्म कणांचा एक प्रयोग मांडीत होते. त्यांना असेच शांत शिसे हवे होते. २०१० साली त्या जहाजावरच्या १२० लगडी, प्रत्येकी सुमारे तेहतीस किलोची, त्यांना देण्यात आल्या. लगडींवर कोरलेली रोमन अक्षरे मात्र आधी कापून इतिहाससंशोधकांसाठी जपून ठेवली. नव्या धन्याला वस्तू द्यावी, पण तिचा इतिहास पुसू नये, याचे याहून सुंदर उदाहरण मला आठवत नाही.

तशीच गोष्ट पोलादाची. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन आरमाराने १९१९ साली स्कॉटलंडजवळच्या स्कापा फ्लो येथे आपली जहाजे आपणच बुडविली. १९४५ पासून अणुस्फोटांमुळे हवेत किरणोत्सर्गी कण मिसळले आणि भट्टीतल्या हवेबरोबर ते नव्या पोलादात उतरू लागले. तेव्हा सूक्ष्म मोजमापाच्या उपकरणांभोवती कवच करायला त्या बुडालेल्या जहाजांचे जुने पोलाद उपयोगी पडले. युद्धासाठी ओतलेले पोलाद अखेर रोग्यांच्या शरीरातील किरणोत्सर्ग मोजणाऱ्या खोल्यांच्या कामी आले.

आपल्या इंदुराच्या वेशीवर १९८४ साली सुरू झालेले आणि पुढे राजा रामण्णा यांचे नाव लाभलेले प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. तेथे इंडस-१ आणि इंडस-२ ही प्रकाश देणारी प्रचंड यंत्रे चालतात. अशा यंत्रांभोवती काँक्रीट, शिसे, पोलाद यांची जाड तटबंदी लागते. जगभर अशा प्रयोगशाळांतून तटबंदीचे ठोकळे सुटे घडवितात, म्हणजे एक प्रयोग संपला की दुसऱ्याच्या कामी येतात. मात्र इथे छत्रीचा दृष्टान्त थोडा लंगडा पडतो. प्रचंड शक्तीच्या कणांचा मारा झेललेले ठोकळे स्वतःच काही अंशी किरणोत्सर्गी होऊ शकतात. म्हणून ते मोजल्यावाचून हलवीत नाहीत, आणि ते बहुधा त्याच जातीच्या कामासाठी देतात. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने तर २००० साली आपल्या किरणोत्सर्गी विभागांतील धातू बाजारात भंगार म्हणून सोडण्यावर बंधन घातले. कवचाला नवे कवचपणच द्यावे, त्याचे कढई-झारे करू नयेत, असा हा विवेक आहे.

आठव्या दिवशी अधिकारी आले. वय तिशीचे, हातात एक छोटे यंत्र. आम्ही अंगणात उभे होतो. काकू तुळशीपाशी बसल्या होत्या. अधिकारी दारापासून एकेक पाऊल मोजीत, काट्याकडे पाहत आत गेले. तो काटा सर्वत्र असतो तेवढाच हलत होता. भांड्याजवळही तेवढाच. मग त्यांनी हातमोजे घालून झाकण उघडले, आत तपासले, पुसून घेतलेला कापूसही मोजला. भांडे रिकामे होते. मामंजींनी आपल्या रेडियमच्या सुया हयातीतच रीतसर परत केल्या असाव्यात.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. अधिकारी मात्र शांतपणे म्हणाले, "सर, रिकामे निघाले हे नशीब. रिकामेच असेल असे समजून उघडले असते, तर ती चूकच होती." माझ्या शाळेतल्या तीस वर्षांच्या नोकरीत एवढ्या सभ्य शब्दांत मला कुणी छडी मारलेली नाही.

यानंतर खरे काम सुरू झाले. यंत्राविषयी अणुऊर्जा नियामक मंडळाला कळविणे हे पहिले. हे मंडळ १९८३ साली स्थापन झाले, आणि क्ष-किरण यंत्र विकणे, देणे किंवा मोडीत काढणे हे त्याच्या 'ई-लोरा' या संगणकीय व्यवस्थेवर कळवावे लागते. काकांच्या मुलाने हैदराबादेहून ते सोपस्कार केले. यंत्र फार जुने होते, म्हणून ते पुन्हा कुणी चालवू नये असे निकामी करूनच हलविले.

ॲप्रन रुग्णालयात नेऊन एकेक करून क्ष-किरणांखाली तपासले. बाहेरून पाचही सारखेच दिसत होते. पण घडी घालून ठेवल्यामुळे दोघांच्या आत भेगा पडल्या होत्या. चित्रात त्या पावसाळी विजेसारख्या स्पष्ट दिसल्या. ॲप्रन घडी न घालता टांगून ठेवावा, हे अशा वस्तू बाळगणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. उरलेले तीन चांगले निघाले.

ते घ्यावे कुणी? मला वाटले, दंतवैद्यांच्या रोग्यांसाठी द्यावेत. तेव्हा समजले, की जगाची चाल बदलते आहे. नव्या यंत्रांना किरण इतके थोडे लागतात, आणि ते इतके नेमके सोडता येतात, की अमेरिकेतील वैद्यकीय पदार्थवैज्ञानिकांच्या संघटनेने २०१९ साली रोग्याच्या पोटावर शिसे झाकण्याची सरसकट प्रथा बंद करावी असे सुचविले, आणि तेथील दंतवैद्यांच्या संघटनेने २०२४ साली दातांच्या चित्रासाठी ॲप्रन व गळपट्टा घालणे सोडावे असे म्हटले. आपल्याकडे आपापल्या रुग्णालयाचा आणि मंडळाचा नियम पाळावा हे उत्तम. पण ज्याला रोज, वर्षानुवर्षे किरणांजवळ उभे राहावे लागते, त्याची गरज मुळीच संपलेली नाही. आणि असा एक माणूस आमच्या ओळखीतच होता. जनावरांचे डॉक्टर! गाईच्या पायाचे किंवा कुत्र्याच्या कण्याचे चित्र काढायचे, तर त्या मुक्या जीवाला 'श्वास रोखून स्वस्थ पड' असे सांगता येत नाही. पुष्कळदा कुणाला तरी जवळ थांबून त्याला धरावे लागते. दोन ॲप्रन तिथे गेले. तिसरा ॲप्रन, चाकांवरचा पडदा आणि काच एका तालुक्याच्या गावी धर्मादाय रुग्णालयाला हवी होती.

राहिला दारावरचा पत्रा. तो उखडताना काकू प्रथमच बोलत्या झाल्या. "त्या दाराच्या पलीकडे माझं स्वयंपाकघर. आधी तिथे साधं लाकडी दार होतं. थोरल्याच्या वेळी मला दिवस गेले, तेव्हा ह्यांनी पहिल्यांदा तो पत्रा ठोकून घेतला. दवाखान्याची उधारी होती, तरी घेतला. स्वतःचे हात मात्र कधी जपले नाहीत."

मला एकदम काकांचे हात आठवले. आरंभीच्या काळात ते प्रकाशपडद्यावर पाहत पाहत, उघड्या हातांनी हाड बसवीत असत. त्यांच्या बोटांची कातडी सुकलेल्या पानासारखी झाली होती, नखे भेगाळली होती. लहानपणी आम्हाला ते म्हातारपण वाटे. जर्मनीत हँबर्ग येथे १९३६ साली किरणांच्या कामात प्राण वेचलेल्या डॉक्टर-शास्त्रज्ञांचे एक स्मारक उभारले गेले. आरंभीच त्यावर १६९ नावे होती. ज्ञानाची किंमत अशी बोटाबोटाने मोजलेली असते, आणि मग कुठे शिशाच्या पत्र्याची जाडी ठरते. तो पत्रा आम्ही वजनावर विकायला निघालो होतो!

तो पत्राही त्याच धर्मादाय रुग्णालयाच्या नव्या क्ष-किरण खोलीच्या दारावर बसला. बसविल्यावर सांध्यांतून किरण झिरपत नाहीत ना, हे पुन्हा मोजून घेतले. पत्रा जुना असला तरी परीक्षा नवी, हा तिथला दंडक आहे. दोन भेगाळलेले ॲप्रन आणि ते रिकामे भांडे शिशाच्या परवानाधारक पुनर्वापर कारखान्याकडे गेले. कबाड्याकडे दिले असते, तर तो मुलगा अंगणात चूल पेटवून शिसे वितळवीत बसला असता. शिसे सव्वातीनशे अंशांच्या पुढे सहज वितळते, आणि त्याची धूळ, त्याचा धूर आधी त्याच्याच रक्तात गेला असता. कबाड्याला बुडालेल्या नफ्याबद्दल काकूंनी लोखंडी पलंग आणि जुनी तिजोरी दिली. तो खूश झाला. मुलाला मी आमच्या शाळेत घालण्याविषयी बोललो आहे. बाप अजून 'पाहू' म्हणतो.

मीही एक मागणी केली होती. भेगाळलेला एक ॲप्रन शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावा. आमच्या मित्रांनी ती साफ फेटाळली. "मुलांच्या हाती सुटे शिसे नको," म्हणाले. त्याऐवजी फिल्म पाहावयाची ती दिव्याची पेटी शाळेला मिळाली. परवा सातवीच्या मुलींनी तिच्यावर पिंपळाची पाने ठेवून शिरा मोजल्या. चाळीस वर्षे मोडलेली हाडे दाखविणाऱ्या त्या उजेडात आता हिरवी जाळी दिसते.

वाचकहो, एवढे विस्ताराने लिहिण्याचे कारण एकच. आपल्या घरी, नात्यात, शेजारी एखादा बंद दवाखाना असेल, एखादी जुनी प्रयोगशाळा असेल, तर ती आवरायच्या आधी तिथल्या वृद्ध माणसांना विचारा. कंपाउंडरला विचारा, पत्नीला विचारा, आणि ते सांगतील ते लिहून ठेवा. जड, झाकणबंद, बिननावाची वस्तू असेल तर तिला हात लावू नका. दार बंद करून जाणत्याला बोलवा. आत काही नाही हे सिद्ध झाल्यावरच नवा धनी शोधा, आणि त्याला वस्तूबरोबर तिची जाडी, तिचे वय आणि तिची मर्यादाही लिहून द्या. दानातही जबाबदारी असते. आपली अडगळ गेली की संपले, असे समजणारा माणूस दान करीत नाही. तो ओझे टाकतो.

काकू गेल्या महिन्यात बडोद्यास गेल्या. निघताना त्यांनी एवढेच विचारले, "पत्रा नीट बसला ना रे?" मी "हो" म्हणालो. परवा त्या तालुक्याच्या रुग्णालयातून निरोप आला, की खोली सुरू झाली. त्या दाराला लागूनच रुग्णालयाचे बाळंतिणींचे दालन आहे. हे मी काकूंना पत्राने कळविले आहे.